चुकलेली चकती कोणाची?

यंत्रातून सुटलेली चकती समोर चढत जाते, नेमबाज चाप ओढतो, बार उडतो आणि चकती तशीच पुढे निघून जाते. ट्रॅप नेमबाजीच्या नेहमीच्या फेरीत गोष्ट इथेच संपते. गुण लिहिणारा कागदावर शून्य मांडतो, चकती लांबवर गवतात पडते आणि सगळ्यांचं लक्ष पुढच्या नेमबाजाकडे वळतं. चुकलेल्या चकतीला कोणी मालक नसतो.

अमेरिकेतल्या लहान गावांच्या नेमबाजी क्लबांत याच मैदानावर आणखी एक खेळ खेळला जातो, आणि त्यात या चकतीला मालक मिळतो. दहा, पंधरा, कधी पंचवीस जण यंत्राच्या मागे एका ओळीत उभे राहतात. पहिल्याचा बार चुकला, तर चकती हवेत असतानाच शेजारचा बार काढतो. त्याने ती फोडली, तर पहिला बाद. तोही चुकला, तर तिसऱ्याची पाळी, आणि तिसऱ्याने फोडली तर पहिले दोघंही बाद. तिघंही चुकले तर कोणाचंच काही बिघडत नाही. मग डाव एक जागा पुढे सरकतो, दुसरा पहिला होतो, चौथा तिसरा होतो आणि पुन्हा चकती सोडायला सांगणारी ‘पुल’ अशी आरोळी उठते. शेवटी ओळीत एकटा उरेल तो जिंकला. या खेळाचं नाव ‘ॲनी ओकली’.

हा झाला त्याचा सर्वांत ओळखीचा साचा. पण खेळाला एकच एक नियमपुस्तक नाही. एका क्लबात तीन बंदुकांचा खेळ, दुसरीकडे दोनच. कुठे 27 यार्डांवरून, कुठे 16 यार्डांवरून. कुठे बाद झालेल्याला पैसे भरून परत येता येतं, कुठे बाद म्हणजे बाद. वरवर पाहता हे किरकोळ फरक आहेत. प्रत्यक्षात त्यांतला प्रत्येक फरक चुकलेली चकती कोणाची, या एकाच प्रश्नाचं वेगळं उत्तर देतो. पुढच्या पानांत येणारे नियम वाचताना हा प्रश्न हाताशी ठेवला, तर वरवर गुंतागुंतीचे वाटणारे कागद चटकन उलगडतात.

मराठी वाचकाला नेमबाजी म्हटलं की अंजली भागवत, तेजस्विनी सावंत आणि पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकणारा स्वप्नील कुसळे आठवतात. ही सगळी रायफलची माणसं. त्यांच्या खेळात एक गोळी, स्थिर लक्ष्य आणि रोखून धरलेला श्वास. इथे हाती असते छऱ्याची बंदूक, बहुधा बारा बोअरची. तिच्या एका काडतुसातून शेकडो बारीक छर्रे एकदम सुटतात आणि जाता जाता पसरतात. लक्ष्य पळतं असतं, म्हणून नेम चकतीवर धरायचा नसतो. ती जिथे पोहोचणार आहे तिथे, तिच्या पुढच्या मोकळ्या हवेत धरायचा असतो.

चकतीला मातीचं कबुतर म्हणतात, पण तिच्यात आता माती नसते. चुनखडीची पूड आणि डांबरासारखं बंधकद्रव्य यांची ती साडेदहा-अकरा सेंटिमीटर व्यासाची बशी असते. फेकताना टिकेल इतकी भक्कम आणि दोन-चार छर्रे लागले की फुटेल इतकी ठिसूळ. सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्स्कीने 1880 मध्ये पेटंट घेतलं तेव्हा ती खरोखर भाजलेल्या मातीची होती. त्याआधी काचेचे गोळे उडवत, आणि त्याच्याही आधी जिवंत कबुतरं. इंग्लंडमध्ये ही कबुतरं जमिनीतल्या खड्ड्यांत ठेवून वर जुन्या टोप्या पालथ्या घालत आणि दोरी ओढून टोपी उडवत.

त्या जिवंत पक्ष्यांच्या काळापासूनच बाद पद्धत या खेळाच्या अंगात मुरलेली आहे. 1900 मध्ये पॅरिसला कबुतरांवर नेमबाजीची स्पर्धा झाली, तिचा नियम सोपा होता: दोन पक्षी चुकले की बाहेर. बेल्जियमचा लेऑन द लुंदँ 21 पक्षी पाडून जिंकला. म्हणजे चूक झाली की गुण कमी न करता माणसालाच ओळीबाहेर काढायचं, ही कल्पना क्लबांतल्या मौजेच्या खेळांनी शोधलेली नाही. क्लबांनी तिला शेजारी दिला. पॅरिसमध्ये चुकणारा आपल्या चुकीने बाहेर जात होता. ॲनी ओकलीत तो आपली चूक आणि शेजाऱ्याचा नेम, दोन्ही जुळले तरच जातो.

जिच्या नावाने हा खेळ ओळखला जातो, ती ओहायोच्या डार्क काउंटीत 1860 मध्ये जन्मली. वडील लवकर गेले आणि पोरवयातच बंदुकीने शिकार करून ती घराला हातभार लावू लागली. फ्रँक बटलर हा नावाजलेला नेमबाज तिच्याशी लढतीला उभा राहिला आणि एका पक्ष्याने हरला. पुढे दोघांनी लग्न केलं. 1885 पासून ती बफेलो बिलच्या ‘वाइल्ड वेस्ट’ खेळांत झळकली. पत्ता हवेत फेकायचा आणि जमिनीवर पडायच्या आत त्याला भोकं पाडायची, हे तिच्या हातचं काम. नाटका-सर्कशीच्या फुकट पासांना ओळखीसाठी भोकं पाडलेली असत, म्हणून अमेरिकेत त्या पासांनाही लोक ‘ॲनी ओकली’ म्हणू लागले. 1926 च्या नोव्हेंबरात ती गेली आणि अठरा दिवसांनी बटलरही गेला. एका बाराने हरलेला माणूस जिच्या सोबतीने जन्मभर राहिला, तिचं नाव या खेळाला शोभतं. कारण इथेही शेजारी उभं असलेलं माणूस कोण, यावर बरंच काही ठरतं.

किती, ते साध्या हिशोबाने कळतं. समजा, दोन बंदुकांच्या खेळात एक नेमबाज शंभरांतल्या ऐंशी चकत्या फोडतो, म्हणजे वीस चुकतो. त्याच्या मागच्या जागेवर असा पट्टीचा नेमबाज उभा आहे, की तो लांब गेलेली चकतीही शंभरांत ऐंशी वेळा टिपतो. मग आपल्या नेमबाजाची बाद होण्याची शक्यता दर पाळीला 16 टक्के. आता त्या जागी नवखा माणूस उभा करा, जो अशी चकती शंभरांत तीस वेळाच फोडतो. शक्यता 6 टक्क्यांवर येते. आपल्या नेमबाजाचा हात तोच, बंदूक तीच, आणि तरी बाद होण्याची शक्यता अडीच पटीहून जास्त बदलली. ट्रॅपच्या अधिकृत फेरीत शेजारी कोण आहे याने गुणांना काडीचाही फरक पडत नाही. इथे तो जीव घेतो किंवा वाचवतो.

म्हणूनच ओळीत कोण कुठे उभं राहणार, हा नियमांमधला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. अनेक ठिकाणी ‘या आणि उभे राहा’ एवढीच पद्धत असते. जाणती मंडळी मग गुपचूप नवख्याच्या आधीची जागा पकडतात, आणि नवख्याच्या आधी जाणता उभा असेल तर त्याच्या पाठीशी आणखी एक जाणता येऊन उभा राहतो. चिठ्ठ्या टाकून जागा ठरवणारे क्लब हा डाव मोडून काढतात. दर फेरीला नव्याने चिठ्ठ्या टाकल्या तर आणखी बरं, कारण एकाच्या मागे तोच तो वाघ संध्याकाळभर राहत नाही. वेळ थोडा जास्त जातो, एवढाच तोटा. नव्या माणसांनी परत यावं अशी ज्या क्लबाची इच्छा आहे, त्याने हा वेळ खर्चावा.

दोन बंदुका की तीन, हा दुसरा मोठा फाटा. पहिल्याचा नेम ऐंशी टक्के, दुसऱ्याच्या वाट्याला चकती येईपर्यंत ती लांब गेलेली म्हणून पन्नास टक्के, तिसऱ्याचा पंचवीस टक्के, असं धरून चाललं तर शंभर चकत्यांमध्ये सरासरी वीस चुका होतील. त्यांतल्या दहांमध्ये एक माणूस जाईल, अडीचमध्ये दोघं एकदम, आणि साडेसातमध्ये कोणीच नाही. म्हणजे शंभर चकत्यांमागे पंधरा माणसं बाद. वीस जणांच्या ओळीतून एक विजेता काढायला सव्वाशेच्या आसपास चकत्या लागतील. तिसरी बंदूक काढून टाकली, तर शंभरांमागे दहाच बाद होतील आणि तोच सामना एकशे नव्वद चकत्यांपर्यंत लांबेल. दिवस मावळायला तासच उरला असेल, तर क्लब तीन बंदुका का पसंत करतो ते इथे कळतं.

पण तिसऱ्या बंदुकीचं खरं काम वेळ वाचवणं नाही. दोन बंदुकांच्या खेळात दुसऱ्याला स्वतःला कसलाच धोका नसतो. पहिला चुकला आणि तो आपला जुना मित्र असला, तर दुसरा बार काढायला उशीर करू शकतो, किंवा काढतच नाही. तिसरी बंदूक आली की ही दया महाग पडते, कारण दुसऱ्याने सोडलेली चकती तिसऱ्याने फोडली तर मित्राबरोबर तो स्वतःही जातो. म्हणजे तिसरा नेमबाज दुसऱ्याला प्रामाणिक ठेवतो. जिथे दोनच बंदुका असतात तिथे काही क्लब वेगळा नियम लिहून ठेवतात की पहिला चुकला तर दुसऱ्याने बार काढलाच पाहिजे. तीन बंदुकांत तो लिहावा लागत नाही.

पहिल्याच्या हातातही एक डाव असतो, तो म्हणजे थांबण्याचा. चटकन बार काढून चुकलं, तर चकती अजून जवळ असते आणि दुसऱ्याला आयती मिळते. जरा रेंगाळून मग बार काढला, तर आपला नेम कठीण होतो, पण चुकलोच तर मागच्यांच्या वाट्याला उरलेली चकती आणखी लांब, आणखी खाली गेलेली असते. अमेरिकन ट्रॅपमध्ये चकती यंत्रापासून पन्नासेक यार्डांवर जमिनीला टेकते. ओळ 27 यार्ड मागे असेल आणि चकती यंत्रापुढे चाळीस यार्डांवर पोहोचली असेल, तर तिसऱ्याला सदुसष्ट यार्डांवर, म्हणजे साठ मीटरांपलीकडे नेम धरायचा असतो. एवढ्या अंतरावर छऱ्यांचं जाळं विरळ झालेलं असतं आणि चकती त्यातून सुखरूप पार होऊ शकते. तिसऱ्याने अशी चकती फोडली की मागे बसलेल्यांकडून जी दाद मिळते, ती अधिकृत फेरीत शंभरपैकी शंभर करणाऱ्यालाही क्वचित मिळते.

27 यार्ड हा आकडा हवेतून आलेला नाही. अमेरिकेतल्या हौशी ट्रॅप संघटनेच्या हँडिकॅप स्पर्धांमध्ये नेमबाज जितका चांगला तितका तो मागे सरकतो, आणि 27 यार्ड ही शेवटची रेषा आहे. 16 यार्ड ही साध्या फेरीची जागा. मग ॲनी ओकलीत नवख्याला 16 यार्डांवर आणि कसलेल्याला 27 यार्डांवर का उभं करू नये? कारण सरळ आहे. एका पाठोपाठ बार उडणाऱ्या ओळीत कोणी अकरा यार्ड पुढे उभा राहिला, तर तो मागच्यांच्या नळ्यांसमोर येईल. सगळी ओळ एकाच रेषेत हवी, यावर तडजोड होत नाही. त्यामुळे हँडिकॅपचा सरळ मार्ग बंद होतो आणि दुबळ्याला सांभाळायचे आडमार्ग शोधावे लागतात. वेगवेगळ्या क्लबांचे नियम एवढे वेगळे होण्यामागचं एक मोठं कारण हेच आहे.

मराठी घरांत वाढलेल्या कोणालाही हे आडमार्ग ओळखीचे वाटतील. लपंडावात धाकट्या भावंडाला ‘कच्चा लिंबू’ ठरवलं की त्याच्यावर राज्य येत नाही, आणि तरीही ते पोर खेळात असतं. काही क्लब मुलांना आणि पहिल्यांदा आलेल्यांना पहिली चूक माफ करतात. काही त्यांना दोन काडतुसं भरू देतात, म्हणजे पहिला बार चुकला तर शेजारी बंदूक उचलायच्या आत दुसरा बार काढता यावा. काही ठिकाणी संपूर्ण ओळ 16 किंवा 20 यार्डांवर सुरू होते, आणि माणसं कमी झाली की सगळी मिळून मागे सरकतात. यातला शेवटचा उपाय सर्वांत चांगला वाटतो. त्यात कोणाला लेबल लागत नाही, सुरुवातीला सगळ्यांना चार बार मनासारखे मिळतात, आणि कसलेल्यांसाठी खेळ हळूहळू आपोआप कठीण होत जातो.

बाद झालेल्याचं काय करायचं, यावरही कबड्डी पाहिलेल्या माणसाला तिढा नाही. कबड्डीत संजीवनी, गामिनी आणि अमर असे तीन प्रकार खेळले जात. अमरमध्ये बाद झालेला गडी मैदान सोडत नाही, फक्त समोरच्या संघाला गुण मिळतो. नेहमीची ट्रॅप फेरी अशीच असते. पंचवीसही चकत्या चुकल्या तरी माणूस शेवटपर्यंत ओळीत असतो. गामिनीत बाद झालेला बाहेर राहतो, सगळा संघ बाद होईपर्यंत. ‘मिस अँड आउट’ म्हणतात ते हेच: चुकला की गेला, शेजाऱ्याच्या नेमाची वाटही पाहायची नाही. संजीवनीत प्रतिस्पर्धी बाद झाला की आपला एक जण जिवंत होतो. क्लबांतली संजीवनी मात्र पैशाने मिळते. पुन्हा एक-दोन डॉलर भरायचे आणि ओळीच्या टोकाला जाऊन उभं राहायचं.

या विकत घेतलेल्या जिवाबद्दल मतं टोकाची आहेत. बाजूने बोलणारे म्हणतात की पहिल्याच चकतीवर बाद झालेला माणूस तासभर गाडी चालवून आलेला असतो, त्याला पाच मिनिटांत घरी कसं पाठवायचं? शिवाय पैसे क्लबाच्या पेटीत जातात, त्यातून यंत्राची दुरुस्ती होते. विरोधकांचं म्हणणं असं की ज्याच्या खिशात नोटा जास्त, तो जास्त वेळा मरू शकतो. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. परत येण्याची सोय पहिल्या फेरीपुरती आणि एकदाच ठेवणारे क्लब या दोघांनाही न्याय देतात. सामना अर्धा सरल्यावरही खिडकी उघडी ठेवली, की टिकून राहणाऱ्यांच्या टिकण्याला किंमत उरत नाही.

आता नियमातला एकच शब्द बदला आणि सगळा खेळ उलटा होतो. ‘बडी’ किंवा ‘प्रोटेक्शन’ या नावाच्या खेळांत दोघांची जोडी असते. पहिला चुकला की दुसरा बार काढतो, अगदी ॲनी ओकलीसारखाच. पण इथे त्याने चकती फोडली तर पहिला वाचतो. दोघंही चुकले तर जोडी बाद. जागा तीच, चकती तीच, बार काढण्याचा क्षणही तोच, आणि एका खेळात शेजाऱ्याचा नेम आपला घात करतो, तर दुसऱ्यात आपली राखण करतो. दोन्ही खेळ एकाच संध्याकाळी एकापाठोपाठ खेळून पाहिले की फरक अंगावर येतो. पहिल्या खेळात चूक झाल्यावर मान खाली जाते आणि कान मागच्या बाराकडे लागतात. दुसऱ्यात माणूस चुकताच वळून जोडीदाराकडे पाहतो. नवख्यांना या खेळाची गोडी लावायची तर सुरुवात इथून करावी. अनुभवी माणसाची नवख्याशी जोडी बांधली, की नवखा चुकला तरी उभा राहतो आणि त्याच्या चुकीची काळजी करणारं दुसरं कोणीतरी असतं.

मैदान आणि शेजारपाजारही नियम बदलायला लावतात. याचं सर्वांत सुंदर उदाहरण स्कीट या खेळाच्या जन्मात आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हरला चार्ल्स डेव्हिस आणि त्याच्या सोबत्यांनी 1920 च्या सुमारास एक वर्तुळ आखलं. घड्याळाच्या आकड्यांसारख्या बारा जागा, आणि बाराच्या आकड्यावर यंत्र. नेमबाज वर्तुळाभोवती फिरत सगळ्या कोनांतून बार काढायचे. मग शेजारच्या जमिनीवर कोंबड्यांचा फार्म आला आणि त्या दिशेला छर्रे पाठवणं बंद करावं लागलं. विल्यम हार्नडन फॉस्टरने उपाय काढला: समोरच्या सहाच्या आकड्यावर दुसरं यंत्र बसवायचं आणि अर्ध्याच वर्तुळातून खेळायचं. कोन सगळे तेच मिळाले, कोंबड्या वाचल्या, आणि 1926 मध्ये नाव सुचवण्याची स्पर्धा घेऊन त्या अर्ध्या वर्तुळाला स्कीट हे नाव मिळालं. आज ऑलिंपिकमध्ये खेळला जाणारा हा प्रकार मुळात एका गावच्या सोयीतून निघालेला आहे. गावच्या क्लबाने आपल्या मैदानापुरता केलेला बदल हा नियमभंग असतो असं मानणाऱ्यांनी एवढी गोष्ट ध्यानात ठेवावी.

उलट दिशेने, ऑलिंपिकनेही बाद पद्धत आपलीशी केली आहे. टोकियो आणि पॅरिसमध्ये ट्रॅपच्या वैयक्तिक अंतिम फेरीत सहा जण उतरले. पंचवीस चकत्यांनंतर सर्वांत मागचा बाद, मग दर पाच चकत्यांनी एक. उरलेले दोघं पन्नासाव्या चकतीपर्यंत झुंजायचे. टोकियोत लिप्ताक आणि कोस्टेलेत्स्की हे दोन्ही चेक नेमबाज 43 वर बरोबरीत राहिले. त्यानंतर एक-एक चकती, जो आधी चुकेल तो हरला; लिप्ताकने 7-6 ने सुवर्ण नेलं. भारताला या एका चकतीची ओळख फार आधीपासून आहे. बिकानेरचे महाराजा करणी सिंह 1962 च्या कैरो जागतिक स्पर्धेत पहिल्या स्थानासाठी बरोबरीत होते आणि निर्णायक फेरीत हरून रौप्यपदकावर थांबले. पॅरिसमध्ये स्कीटच्या मिश्र गटात महेश्वरी चौहान आणि अनंतजीत सिंग नरुका यांचं कांस्यपदक 43-44 असं एकाच चकतीने हुकलं.

एक चकती एवढी मोलाची, तर ती फुटली की नाही हे कोण ठरवणार? लिखित नियम स्पष्ट आहे. चकतीचा निदान एक तुकडा डोळ्यांना दिसेल असा उडाला पाहिजे. नुसती धूळ झडली तर ती चुकलेलीच. पण ऑलिंपिकमध्येही हे सोपं नसतं. पॅरिसमध्ये महिलांच्या स्कीटमध्ये चिलीची फ्रान्सिस्का क्रोवेत्तो आणि ब्रिटनची अँबर रटर यांची बरोबरी झाली, आणि निर्णायक फेरीत पंचांनी रटरची एक चकती चुकलेली ठरवली. दूरचित्रवाणीवरच्या चित्रांत तिला छर्रे लागल्यासारखं दिसत होतं. चित्रफीत पाहून निर्णय फिरवण्याची सोय त्या स्पर्धेत नव्हती. सुवर्ण क्रोवेत्तोला मिळालं.

क्लबाच्या ओळीत हा प्रश्न तिप्पट अवघड होतो. पहिल्याच्या बाराने धूळ उडाली आणि दुसऱ्याने तीच चकती फोडली, तर पहिला बाद? लिखित नियमाने होय. पहिला आणि दुसरा एकाच क्षणी वाजले आणि चकती फुटली, तर ती कोणाची? इथे क्लबांचे दोन पंथ आहेत. एक म्हणतो, चकती रद्द करा आणि नवी सोडा. दुसरा म्हणतो, पहिल्याचा बार ऐकू येण्याआधी ज्याने चाप ओढला, तोच बाद. दुसरा नियम कडक वाटतो, पण तो खेळाला सावरतो. घाईला शिक्षा नसेल तर दुसरा नेमबाज पहिल्याच्या खांद्याला खांदा लावूनच बार काढू लागेल. वाद झालाच, तर बटण दाबून चकती सोडणाऱ्याचा शब्द अखेरचा. तो ओळीच्या मागे उभा असतो आणि बहुधा त्याचं बक्षिसाशी देणंघेणं नसतं.

एका बाबतीत मात्र क्लबांनी वेगळेपणा दाखवू नये, आणि चांगले क्लब दाखवतही नाहीत. नेहमीच्या फेरीत ज्याची पाळी त्याचीच बंदूक मिटलेली असते. इथे एका वेळी तिघांच्या बंदुकांत काडतूस असतं आणि ओळ सतत सरकत असते. म्हणून तिघांशिवाय बाकी सगळ्यांच्या बंदुका उघड्या आणि रिकाम्या. बाद झालेल्याने आधी बंदूक उघडायची, काडतूस काढायचं आणि मगच ओळीतून पाऊल मागे घ्यायचं. चिडून वळणाऱ्या माणसाच्या हातात भरलेली बंदूक असणं, हा या खेळातला खरा धोका आहे.

बक्षीस सहसा मोठं नसतं. एखादा हॅम, गोठवलेली टर्की, बेकनची पाकिटं. ‘मीट शूट’ आणि ‘टर्की शूट’ ही नावं त्यातूनच आली. टर्कीसाठी बार लावण्याची चाल जुनी आहे. जेम्स फेनिमोर कूपरच्या 1823 च्या ‘द पायोनियर्स’ या कादंबरीत नाताळातल्या टर्की शूटचं वर्णन येतं. हॅमसाठी माणसं कितीतरी काडतुसं उडवतात, आणि त्यांची किंमत हॅमपेक्षा जास्त होते हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी जिंकलेला माणूस ते हॅम काखेत घेऊन गाडीकडे जातो तेव्हा त्याची चाल वेगळी असते.

ओळीत तिघंच उरतात तेव्हा तीन बंदुकांच्या नियमाचं टोक दिसतं. पहिले दोघं चुकले आणि तिसऱ्याने फोडली, तर एकाच चकतीवर दोघं एकदम बाद होतात आणि सामना संपतो. तासभर टिकलेल्यांचा असा निकाल लागू नये म्हणून काही क्लब शेवटच्या तिघांवर किंवा पाचांवर आल्यावर तिसरी बंदूक काढून टाकतात. मग उरतात दोघं. एक चकती याची, पुढची त्याची. चुकलेली नेहमीच समोरच्याची. दोघंही कसलेले असले, तर डाव चकत्यांमागून चकत्या चालत राहतो. उजेड उतरत जातो, नारिंगी चकती आभाळात दिसेनाशी होऊ लागते, आणि ज्या क्लबांच्या नियमात तशी मुभा आहे तिथे ते दोघं बंदुका उघडतात आणि हॅम अर्धा-अर्धा कापून घेतात.